खिंडीअलीकडचा बेडूक

जीपचं मागचं चाक पंक्चर झालं ते नेमकं झऱ्यापाशी. खिंड अजून एकोणीस किलोमीटर लांब होती, दोन्ही बाजूंना दाट, ओलं जंगल होतं, आणि एवढा मोठा रस्ता सोडून त्या चाकानं हीच जागा निवडली. मीटरकाकांनी चाकाला, रस्त्याला आणि रस्ता बांधणाऱ्यांच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात उद्धारलं आणि जॅक काढला. एरवी चाक बदलायला ते चांगला अर्धा तास घेत, मधे एकदा थर्मासमधला चहाही पीत. आज मात्र मागं वाघ लागल्यासारखे त्यांचे हात चालले होते.

"काका, सावकाश," बेडूकबाई म्हणाली. "बेडूक काही कुठं पळून जात नाहीत."

"तेच तर," काका पुटपुटले.

बेडूकबाई ही संस्थेतली सगळ्यात तरुण संशोधक. बेडकांवर बोलायला लागली की तिला जेवणाची आठवण राहत नसे. काका संस्थेच्या जीपचे चालक, नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला एक उरलेलं. बाकीचे चालक लॉगबुकात अंदाजपंचे आकडे टाकत. काका फाटकातून आत आले की आधी चष्मा लावून मीटर वाचत, आकडा लिहीत, सही करत, आणि मगच इंजिन बंद करत. मीटरकाका हे नाव त्यांना त्यामुळंच पडलं होतं आणि वरवर कितीही कुरकुरले तरी त्यांना ते मनापासून आवडायचं.

ज्याच्यामागं हे सगळे लागले होते तो बेडूक अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. रंग मातीचा, राहणार पालापाचोळ्याखाली. दुपारी धुकं उतरलं की नर बोलायला लागतात, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसे: टक्-टक्, टक्. त्याच्याबद्दल जगात जेवढं लिहिलं गेलं होतं ते एका पातळ पुस्तिकेत मावत होतं, आणि ती संस्थेच्या मोठ्या सरांची होती. पुस्तिकेत एक नकाशा होता, नकाशात खिंडीवरून ओढलेली एक जाड रेघ. रेघेच्या पलीकडे हा बेडूक आहे, अलीकडे नाही.

आता अलीकडे नाही हे कुणी येऊन पाहिलं होतं, असं काही नव्हतं. सरांची शिस्तच तशी होती. सकाळी संस्थेतून निघालं की खिंड ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर पोचेपर्यंत गाडी थांबवायची नाही. काचा वर, गप्पा बंद, सर टिपणं वाचणार. वर्षानुवर्षं जीप या जंगलातून घुरघुरत गेली आणि जीपमधल्या शहाण्या माणसांनी ठरवून टाकलं की इथं काही नाही.

काका शेवटचा नट आवळत होते तेवढ्यात बेडूकबाई ताठ उभी राहिली.

"काका, पाना आपटू नका."

"मी कुठं आपटतोय?"

टक्-टक्, टक्.

बेडूकबाईनं बूटसुद्धा नीट बांधले नाहीत. झऱ्यापलीकडच्या नेच्यांमध्ये ती रांगत घुसली आणि पाऊण तासानं बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत चिखल, केसांत पानं आणि हातातल्या पारदर्शक पिशवीत एक रागावलेला नर. तिनं काकांना ग्रीसच्या डागांसकट मिठी मारली. "खिंडीअलीकडे, काका! सरांची रेघ पुसली मी!"

"वा," काका म्हणाले. पण दाढ काढायचं ठरल्यावर माणूस म्हणतो तसा तो 'वा' होता.

कारण तो बेडूक तिथं कुठून आला हे काकांना ठाऊक होतं. त्यांनीच आणून सोडला होता. म्हणजे हा नाही, याचे आजे-पणजे. एकोणीस वर्षांपूर्वी.

तेव्हा सर पलीकडच्या ओढ्यावरून बेडूक आणत, संस्थेत त्यांचे आवाज टेप करत आणि मग ते परत सोडायला काकांना धाडत. सोडायचे ते त्याच ओढ्यावर, त्याच दगडापाशी, इंचभर इकडेतिकडे चालायचं नाही. त्या दिवशी दुपारी एक वाजता सरांनी काकांच्या हातात डबा ठेवला. झाकणाला भोकं पाडलेला, आत ओलं शेवाळ आणि सहा बेडूक. आणि त्याच दिवशी पाच वाजता काकांच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. ती पाच वर्षांची होती आणि तिची भूमिका झाडाची होती. झाडाला संवाद नव्हते. पण "बाबा, मी वाऱ्यानं हलणारे, बघायला ये," असं तिनं आठवडाभर बजावलं होतं.

पलीकडच्या ओढ्यावर जाऊन परत येईतो सहा वाजणार होते. काकांनी झऱ्यापाशी गाडी थांबवली, सहाही बेडूक नेच्यांत सोडले आणि चार वाजता शहरात परत आले. इथवर सगळं सुरळीत होतं. मग त्यांची नजर मीटरवर गेली. बावन्न किलोमीटर कमी भरत होते. दुसरा कुणी असता तर त्यानं लॉगबुकात सरळ थाप मारली असती. पण खोटा आकडा लिहायला काकांचा हात धजेना. म्हणून त्यांनी आकडा खरा करायचं ठरवलं. बाजारातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, पुन्हा बाजारातून, असे त्यांनी शहरातल्या शहरात बावन्न किलोमीटर भरले. मुलीच्या शाळेवरून ते दोनदा गेले. पावणेसहाला लॉगबुकात "ओढा, जाऊन-येऊन" असं लिहून, सही करून ते धापा टाकत शाळेत पोचले तेव्हा झाड हलून, टाळ्या घेऊन पडद्यामागं गेलं होतं.

"मी कशी हलले?" झाडानं विचारलं.

"छान हललीस," काका म्हणाले. त्या दिवसातली ही तिसरी फसवणूक होती, आणि आजवर त्यांना सर्वांत जास्त टोचत आलेलीही हीच.

पुढचे दोन महिने बेडूकबाईला दुसरं काही सुचलं नाही. झऱ्याकाठी तिला आणखी बेडूक सापडले, शेजारच्या ओहोळातही सापडले. तिनं शोधनिबंध लिहायला घेतला आणि कच्चा खर्डा घेऊन ती सरांच्या घरी गेली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या बेडकाबद्दल काही छापायचं म्हणजे सरांना दाखवल्याशिवाय कुणाची छाती होत नसे. ती गेली उड्या मारत आणि परत आली ती पाय ओढत.

"सर म्हणाले, कुणी नेऊन सोडले नाहीत कशावरून?" जीपच्या शेडमध्ये स्टेपनीवर बसून तिनं काकांना सांगितलं. "मी म्हटलं, सर, हा बेडूक उचलून नेणारे जगात फक्त तुम्हीच होता. आणि तुमचे बेडूक परत सोडायला मीटरकाका जात. तर लगेच निवळले. म्हणाले, मीटर होता ना, मग प्रश्नच मिटला. त्याचं लॉगबुक पुरावा म्हणून जोड. तो माणूस एक किलोमीटर चुकायचा नाही."

काका इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक पुसत होते. पुसून झाली होती तरी पुसतच राहिले.

"म्हणजे तुमचं लॉगबुक छापून येणार, काका! चहा पाजा आता."

घरी काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताट पुढ्यात ठेवून सरळ विचारलं, "कुणाला गाडीखाली घेतलंत का?" काकांनी सगळं सांगून टाकलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. बेडकांचं तिला काही वाटलं नाही.

"म्हणजे नाटकाच्या दिवशी तुम्ही गावात गोल गोल फिरत होता? मला तर दरड कोसळली म्हणून सांगितलंत!"

"तो मुद्दा नाहीये आत्ता."

"तुमच्यासाठी नसेल. त्या मुलीनं तुमच्यासाठी अर्धा तास फांद्या काढू दिल्या नव्हत्या अंगावरच्या." ती उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "सांगून टाका त्या पोरीला. तिनं काय घोडं मारलंय तुमचं? उद्या कुणी खोटं पाडलं तर तोंड तिचं काळं होईल."

हेच तर काकांना पोखरत होतं. गप्प बसावं तर पोरीचा पहिला मोठा शोध खोट्या सहीवर उभा राहणार. बोलावं तर तो शोधच मोडणार, आणि सरांनी एकतीस वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी त्यांचं कौतुक केलं ती गोष्टही जाणार. त्या दिवशी दुपारी ते बेडूकबाईच्या खोलीत गेले. खोली म्हणजे टेबलभर बाटल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे आणि भिंतीवर सरांच्या नकाशाची मोठी प्रत. काका बसले नाहीत. उभ्यानंच, टोपी हातात धरून त्यांनी डबा, झरा, बावन्न किलोमीटर, सगळं ओकून टाकलं.

बेडूकबाईचा चेहरा पांढरा पडला.  ती म्हणाली, "किती होते?"

"सहा."

"नक्की?"

"मी मोजण्यात चुकत नाही," काका म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

तिनं कपाटातून सरांची जुनी टेपची नोंदवही काढली, धूळ झटकली, बोट फिरवत तो महिना गाठला. मग ती खुर्चीत मागं रेलली आणि हसायलाच लागली. काकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"काका, सहाच्या सहा बेडूक आवाज टेप करायला आणलेले. आवाज फक्त नर काढतात. माद्या मुक्या असतात. तुम्ही तिथं सहा नवरदेव नेऊन सोडलेत! नवरी एक नाही. मग ही एवढी प्रजा आली कुठून?"

काका खुर्चीत बसले.  एकोणीस वर्षं ते त्या झऱ्यावरून मान खाली घालून गाडी हाकत होते, आणि त्यांचा गुन्हा काय, तर सहा सड्याफटिंगांना परगावी सोडून आले होते.

"तरी पण," बेडूकबाई पेन घेत म्हणाली, "सगळं नीट सांगा. गाडी थांबवली, मग?"

"मग डबा दगडावर ठेवला. झाकण उघडणार एवढ्यात समोरून आवाज आला, टक्-टक्, टक्.  म्हटलं, एक निसटला वाटतं. झाकणाच्या भोकांतून मोजले, तर सहाच्या सहा आत. म्हटलं, हे आपलं मनच बोलतंय. मग झटक्यात झाकण उघडलं, सोडले आणि पळालो."

बेडूकबाईचं पेन थांबलं होतं.

"डबा बंद होता?"

"बंद होता."

"सहाही आत होते?"

"सांगतोय ना, मोजले."

"मग काका, समोर कोण बोलत होतं?"

 तो दिवस काकांनी हजारदा आठवला होता. नाटक, पडदा, मीटर, शाळेवरून दोनदा गेलेली गाडी. पण अपराधी माणूस स्वतःकडंच बघत बसतो. समोरच्या नेच्यात कोण बसलंय हे विचारायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"खिंडीअलीकडचा बेडूक मी शोधलाच नाही," बेडूकबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. "तुम्ही शोधलात. मी शाळेत होते तेव्हा."

मग तिनंच मार्ग काढून दिला. लॉगबुकाचं वाक्य गाळायचं, सोडलेल्या बेडकांचा विषयच काढायचा नाही, तिला सापडलेल्या बेडकांवर निबंध उभा राहतो. कुणाला काही कळणार नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"नाही मॅडम. छापा सगळं. फक्त सरांना आधी मी सांगतो. त्यांना ते वाचून कळू नये."

सरांच्या घरी बैठकीच्या खोलीत पुस्तकांनी दोन खुर्च्या अडवल्या होत्या आणि तिसरीवर सर बसले होते, मांडीवर पांघरूण, गुडघ्यांपाशी काठी. काका उभेच राहिले. सरांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही आणि काकांना तेच भयंकर वाटलं. मग प्रश्न सुरू झाले. आवाज झऱ्याच्या कुठल्या बाजूनं आला? जमिनीलगत की उंचावरून? धुकं किती होतं? दोन टक् नंतर किती थांबून तिसरा? काकांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढून दाखवला. सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होते.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही ओरडला असता, सर."

"ओरडलो असतोच! चांगला तासभर ओरडलो असतो. गाढव म्हटलं असतं, नोकरीवरून काढायची धमकी दिली असती." सरांनी काठी उगीचच या हातातून त्या हातात घेतली. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या शेजारी बसून तिथं आलो असतो. तेव्हा गुडघे होते माझे. रांगलो असतो त्या नेच्यांत."

 काकांना हजार शिव्या परवडल्या असत्या. ते बुटांकडं बघत म्हणाले, "झऱ्यापर्यंत जीप जाते सर. दारात लावतो. तुम्हाला पाऊलभरही चालावं लागणार नाही."

सरांनी आधी नाही म्हटलं, मग हवा वाईट आहे म्हटलं, मग जीपच्या सीट टोचतात म्हटलं, आणि शनिवारी दुपारी दोन वाजता टोपी घालून फाटकाशी उभे राहिले. बेडूकबाई मागं बसली. काकांनी बायकोकडून आणलेल्या दोन उशा सरांच्या पाठीशी लावल्या आणि आयुष्यात चालवली नसेल इतकी हळू गाडी चालवली.

झऱ्यापाशी इंजिन बंद केलं, काच खाली घेतली. धुकं झाडांच्या शेंड्यांवरून खाली सरकत होतं. फार वेळ थांबावं लागलं नाही. समोरच्या नेच्यांतून आलं, टक्-टक्, टक्. थोड्या वेळानं डावीकडून दुसरा. मग ओहोळाकडून तिसरा. बेडूकबाईनं मागून काकांचा खांदा दाबला. काकांनी हसऱ्या चेहऱ्यानं सरांकडं पाहिलं.

सर खिडकीला कान लावून बसले होते, कपाळाला आठ्या, सगळा जीव कानांत. तिन्ही बेडूक रंगात येऊन बोलत होते.

"गप्प आहेत आज," सर म्हणाले.

काकांनी आरशातून बेडूकबाईकडं पाहिलं. माणसांचं बोलणं सरांना अजून ऐकू यायचं. पण हा बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानांतून कधीच निघून गेला होता आणि ते त्यांना माहीत नव्हतं. ज्याच्यावर उभं आयुष्य घालवलं त्याचा आवाज.  आरशातून बेडूकबाई काकांना मान हलवून खुणावत होती: नको, नका सांगू. हो म्हणणं किती सोपं होतं. गप्प आहेत सर, पुन्हा कधी येऊ. कुणाचं काही बिघडलं नसतं. छान हललीस म्हणण्याइतकं सोपं होतं ते.

"बोलतायत सर," काका म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाहीये."

सरांनी मान वळवली नाही. ते नेच्यांकडंच बघत राहिले.   काकांना वाटलं, आपण पुन्हा एकदा सगळ्याचा विचका केला.

मग सरांनी खिशातून नोंदवही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. दुसऱ्याच्या कानांवर भरवसा ठेवून त्यांनी आजवर एकही ओळ लिहिली नव्हती. विद्यार्थ्यांच्या नोंदींवर ते लाल रेघा मारत.

"सांग," ते म्हणाले. "वेळ?"

"तीन वाजून बावीस."

"कुठं कुठं?"

"एक समोर, झऱ्याला लागून. एक डावीकडं, पडलेल्या खोडापाशी. एक ओहोळात."

"एकूण किती?"

"तीन."

"किती?"

"तीन!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की सगळं जंगल चिडीचूप झालं.

"आणि आता?"

काकांनी कान दिला. मागं बेडूकबाई तोंडावर हात दाबून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"आता एकही नाही, सर. माझ्या ओरडण्यानं गप्प झाले."

सरांनी तेही लिहिलं, तारीख घातली आणि वही काकांपुढं सहीसाठी धरली.